कन्सोल कंपन्यांची स्पर्धा की मत्स्यन्याय?

१३ ऑक्टोबर २०२३ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही व्हिडिओ गेम तयार करणारी कंपनी आपल्या ताब्यात घेतली. जानेवारी २०२२ मध्ये हा सौदा जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत ६,८७० कोटी डॉलर सांगण्यात आली होती. या धंद्यात तोवर इतका मोठा सौदा झाला नव्हता. मधल्या एकवीस महिन्यांत अमेरिकेचे फेडरल ट्रेड कमिशन, ब्रिटनचे स्पर्धा-नियमन मंडळ आणि युरोपीय कमिशन या तीन बलाढ्य संस्थांनी सौद्याची चिकित्सा केली. खटले झाले, साक्षी झाल्या, अटी घातल्या गेल्या. एवढा खटाटोप होऊन ताबा मिळाला, आणि त्यानंतर साडेतीन महिने होतात न होतात तोच, २५ जानेवारी २०२४ रोजी, मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातील १,९०० नोकऱ्या रद्द केल्याचे जाहीर केले. त्या वेळी त्या विभागात सुमारे २२,००० माणसे काम करीत होती.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहावयास हव्यात. एकवीस महिने जो प्रश्न चघळला गेला तो असा होता की, या खरेदीमुळे सोनी या प्रतिस्पर्धी कंपनीला इजा पोहोचेल काय? खेळ घडविणाऱ्या माणसांचे काय होईल, त्यांच्या श्रमाला गिऱ्हाईक किती उरतील, खेळ जन्माला येण्याच्या जागा वाढतील की घटतील, हा प्रश्न मात्र निर्णयाच्या तराजूत पडलाच नाही. स्पर्धेचे रक्षण म्हणजे स्पर्धकांचे रक्षण, अशी समजूत करून घेतली की असे घडते. दोन हत्तींच्या झुंजीत पंच हत्तींच्याच जखमा मोजत बसतात आणि पायाखालच्या गवताची मोजदाद कोणी करीत नाही.

धंद्याची रचना

ज्या वाचकांचा या धंद्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगावयास हवी. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. ही यंत्रे जगभर विकणारे बडे कारखानदार तीन आहेत: प्लेस्टेशन बनविणारी सोनी, एक्सबॉक्स बनविणारी मायक्रोसॉफ्ट आणि स्विच बनविणारी निन्टेंडो. यंत्राच्या विक्रीत नफा फारसा नसतो. कित्येकदा ते प्रारंभी तोटा सोसूनच विकले जाते. खरी कमाई पुढे होते. त्या यंत्रावर चालणारा प्रत्येक खेळ विकला गेला की किमतीचा ठरीव हिस्सा, बहुधा तीस टक्क्यांच्या घरातला, यंत्र बनविणाऱ्याच्या पदरात पडतो. म्हणजे कन्सोल ही वस्तू कमी आणि जकातनाका अधिक आहे. ज्याचा नाका, त्याची जकात.

पण या नाक्यावरून वाहतूक व्हावयाची तर पलीकडे काही पाहण्याजोगे असले पाहिजे. यंत्रासाठी यंत्र कोणी विकत घेत नाही, खेळासाठी घेतो. तेव्हा एखादा लोकप्रिय खेळ केवळ आपल्याच यंत्रावर मिळावा आणि दुसऱ्याच्या यंत्रावर मिळू नये, यात प्रत्येक कारखानदाराचा स्वार्थ असतो. तो साधण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, आपल्याच घरात चांगले खेळ घडविणे. दुसरा, स्वतंत्र स्टुडिओला पैसे देऊन ठराविक मुदतीचा करार करणे. तिसरा, तो स्टुडिओच विकत घेणे. स्टुडिओ म्हणजे प्रोग्रामर, चित्रकार, संगीतकार, लेखक आणि चाचणी घेणारे कामगार जेथे एकत्र येऊन खेळ घडवितात तो कारखाना. गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास म्हणजे पहिल्या मार्गावरून तिसऱ्या मार्गाकडे झालेली वाटचाल होय.

बंडखोरांची कंपनी

या कथेतील सर्वांत बोचरा विरोधाभास असा की, २०२३ मध्ये गिळली गेलेली अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी मुळात कामगारांच्या बंडातून जन्मलेली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कन्सोलच्या धंद्यावर अटारी या कंपनीचा अंमल होता. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने अटारी विकत घेतली होती. अटारीसाठी खेळ लिहिणाऱ्या प्रोग्रामरांचे ना वेष्टनावर नाव छापले जाई, ना विक्रीतला वाटा त्यांना मिळे. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरने तर ‘अ‍ॅडव्हेंचर’ या आपल्या खेळात एक गुप्त खोली तयार करून तीत स्वतःचे नाव लपवून ठेवले. आपल्याच कृतीवर आपले नाव चोरून लिहावे लागावे, यापेक्षा परात्मतेचे अधिक स्पष्ट उदाहरण अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडावयाचे नाही.

डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लान हे चार प्रोग्रामर अटारीतून बाहेर पडले आणि १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनची स्थापना झाली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ बनविणारी ही पहिली कंपनी. खेळावर घडविणाऱ्याचे नाव छापण्याची प्रथा तिने पाडली. अटारीने १९८० मध्ये तिच्यावर खटला भरला. १९८२ मध्ये तडजोड होऊन अटारीला काही हिस्सा देण्याचे ठरले आणि स्वतंत्र उत्पादकाचा हक्क प्रस्थापित झाला. आज ज्याला स्वतंत्र गेम प्रकाशन म्हणतात त्याचा पाया या चौघांच्या राजीनाम्यावर उभा आहे.

पुढे हाच धंदा मक्तेदारीच्या वळणाने गेला. १९८० च्या दशकात निन्टेंडोने आपल्या यंत्रात कुलूप घालणारी चिप बसविली. अमेरिकेत परवानाधारक प्रकाशकाने वर्षाला पाचांहून अधिक खेळ काढावयाचे नाहीत आणि ते दोन वर्षे अन्य यंत्रावर द्यावयाचे नाहीत, असे निर्बंध तिने घातले होते. अ‍ॅक्टिव्हिजनही बंडखोर राहिली नाही. २००८ मध्ये ती व्हिवेंडीच्या गेम विभागाशी एकत्र होऊन अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड झाली. २०१६ मध्ये तिने ‘कँडी क्रश’ बनविणारी किंग ही कंपनी घेतली. २००७ मध्ये विकत घेतलेला लिव्हरपूलचा बिझार क्रिएशन्स हा स्टुडिओ तिने २०११ मध्ये बंद करून टाकला. लहान मासे गिळून मोठा झालेला मासा अखेर त्याहून मोठ्या माशाच्या तोंडी गेला. प्राचीन राजनीतीकारांनी यालाच मत्स्यन्याय म्हटले आणि तो होऊ नये म्हणूनच दंडशक्ती असते, असे सांगितले.

करारातून मालकीकडे

कन्सोल कंपन्यांनी स्टुडिओ विकत घेणे ही नवी गोष्ट नव्हे. मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये बंजी हा स्टुडिओ घेतला. बंजीचा ‘हेलो’ हा खेळ १९९९ मध्ये अ‍ॅपलच्या व्यासपीठावरून जाहीर झाला होता. नोव्हेंबर २००१ मध्ये तो पहिल्या एक्सबॉक्सचा आधारस्तंभ म्हणून बाजारात आला. सोनीने २००१ मध्ये नॉटी डॉग घेतला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने निन्टेंडोच्या आश्रयाने वाढलेला ब्रिटनमधील रेअर हा स्टुडिओ ३७ कोटी ५० लाख डॉलरला घेतला. सोनीने २०१९ मध्ये इन्सॉम्नियॅक २२ कोटी ९० लाख डॉलरला घेतला, तेव्हा त्या दोहोंचे सहकार्य वीस वर्षांचे होते. अशा खरेदीतून काही स्टुडिओंना स्थैर्य मिळाले आणि उत्तम खेळ निघाले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु प्रमाण बदलले की वस्तूचा गुण बदलतो. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने झेनिमॅक्स, म्हणजे बेथेस्डासह अनेक स्टुडिओंची मालक असलेली कंपनी, ७५० कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले. २०२२ च्या जानेवारीत अ‍ॅक्टिव्हिजनचा सौदा जाहीर झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सोनीने ३६० कोटी डॉलरला बंजी घेत असल्याचे सांगितले. हा तोच बंजी, जो २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला होता, २००७ मध्ये तिच्यातून स्वतंत्र झाला होता आणि आता प्रतिस्पर्ध्याच्या दावणीला बांधला गेला. येथे स्टुडिओ विकत घेतला जात नव्हता. प्रकाशकांची सबंध साम्राज्येच हस्तांतरित होत होती.

कार्ल मार्क्सने भांडवलाच्या वाढीचे दोन प्रकार वेगळे केले होते. एकात भांडवलदार नफा पुन्हा गुंतवून, नवे कारखाने उभारून मोठा होतो. दुसऱ्यात तो आधीच उभे असलेले दुसऱ्याचे भांडवल आपल्यात ओढून घेतो. पहिल्यात समाजाच्या उत्पादनशक्तीत काही भर पडते. दुसऱ्यात केवळ मालकाची पाटी बदलते. ६,८७० कोटी डॉलर खर्च झाले, पण त्यातून एकही नवा खेळ, एकही नवा स्टुडिओ वा एकही नवा प्रोग्रामर निर्माण झाला नाही. तो पैसा भागधारकांच्या खिशात गेला. मायक्रोसॉफ्टने प्रत्येक भागामागे ९५ डॉलर मोजले होते. एवढ्या भांडवलातून नव्या स्टुडिओंची केवढी फळी उभी राहिली असती, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात मांडलेला नाही.

न्यायालयापुढील प्रश्न

फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये या खरेदीला आव्हान दिले. त्याचा मुख्य आक्षेप असा की, ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा अफाट खपाचा खेळ हाती आल्यावर मायक्रोसॉफ्ट तो सोनीच्या यंत्रावर देणार नाही किंवा निकृष्ट स्वरूपात देईल. या शंकेला आधार होता. झेनिमॅक्सच्या खरेदीनंतर ‘स्टारफील्ड’ हा तिचा मोठा खेळ सप्टेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशन वगळूनच निघाला. यावर मायक्रोसॉफ्टचा बचाव मोठा मौजेचा होता. कन्सोलच्या शर्यतीत आपण तिसऱ्या क्रमांकावर आहोत, आपण हरलो आहोत, सबब दुर्बलाला सबल होण्याची संधी द्यावी, असे दोन लक्ष कोटी डॉलरहून अधिक बाजारमूल्याच्या कंपनीने न्यायालयास सांगितले. सत्या नाडेला यांनी साक्षीत असेही म्हटले की, एखादा खेळ एकाच यंत्रापुरता ठेवण्याची पद्धत आपल्याला आवडत नाही, पण बाजारातील अग्रेसर सोनीनेच स्पर्धेचे हे स्वरूप ठरविले आहे. दोन्ही बाजू परस्परांकडे बोट दाखवीत होत्या आणि दोन्ही बाजूंचे बोलणे खरे होते.

जुलै २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायाधीश जॅक्लिन स्कॉट कॉर्ली यांनी सौद्याला स्थगिती देण्यास नकार दिला. सोनीला दहा वर्षे ‘कॉल ऑफ ड्यूटी’ देण्याची लेखी हमी, निन्टेंडोशी झालेला करार आणि इंटरनेटवरून दूरस्थपणे खेळ पुरविणाऱ्या अन्य कंपन्यांशी झालेले करार यांना त्यांनी महत्त्व दिले. युरोपीय कमिशनने अशाच दहा वर्षांच्या हमीवर मे २०२३ मध्ये संमती दिली होती. ब्रिटनच्या मंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सौदा रोखला. मात्र युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे दूरस्थ-खेळांचे हक्क फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीला विकण्याची तडजोड होताच ऑक्टोबरमध्ये मार्ग मोकळा केला. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही कमिशनच्या विरुद्ध निर्णय दिला आणि कमिशनने प्रकरण मागे घेतले.

आता मागे वळून पाहता एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. सोनीचा गळा आवळला जाईल ही भीती खरी ठरली नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ प्लेस्टेशनवर येत राहिला. एवढेच नव्हे, तर एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन ५’ प्लेस्टेशनवर आला आणि ज्या ‘हेलो’च्या बळावर एक्सबॉक्स उभा राहिला तोही नव्या रूपात प्लेस्टेशनसाठी काढण्याची घोषणा ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली. न्यायाधीशांचे अनुमान बरोबर ठरले, असे यावरून कोणी म्हणेल. आणि विचारलेल्या प्रश्नापुरते ते बरोबरही आहे.

परंतु प्रश्नच अपुरा होता. तिसऱ्या क्रमांकाची कंपनी सबल होऊन यंत्रांची स्पर्धा तीव्र होईल, हे या खरेदीचे समर्थन होते. प्रत्यक्षात काय घडले? इतक्या खेळांची मालकी हाती आल्यावर त्यांची किंमत वसूल करण्यासाठी ते सर्व यंत्रांवर विकणे मायक्रोसॉफ्टला अधिक फायद्याचे ठरले आणि स्वतःच्या यंत्रासाठी झुंजण्याची तिची निकड मंदावली. मासिक वर्गणीत अनेक खेळ देणारी तिची योजना हा ग्राहकाचा मोठा लाभ म्हणून मिरविला गेला होता. त्या योजनेच्या सर्वांत वरच्या श्रेणीची अमेरिकेतील वर्गणी जुलै २०२४ मध्ये जवळपास २० डॉलर झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम जवळपास ३० डॉलर. यंत्र जुने होत जाते तसे स्वस्त होते, हा या धंद्याचा रिवाज. पण २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलेले एक्सबॉक्सचे मोठे यंत्र ऑक्टोबर २०२५ मध्ये ६४९ डॉलरच्या पुढे गेले आणि सोनीनेही ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ५ च्या किमती ५० डॉलरनी वाढविल्या. अमेरिकेने लादलेल्या आयातशुल्काचा यात वाटा होता हे खरे. तरीही स्पर्धा तीव्र झाल्याचे हे लक्षण खासच नव्हे.

मोजले न गेलेले नुकसान

ग्राहकाच्या खिशापेक्षाही मोठा फटका घडविणाऱ्यांना बसला. फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १,९०० नोकऱ्यांच्या कपातीकडे अपील न्यायालयाचे लक्ष वेधले. अ‍ॅक्टिव्हिजन स्वतंत्र असतानाच तिने मोठी कपात योजिली होती, असे उत्तर मायक्रोसॉफ्टने दिले. क्षणभर ते मान्य केले तरी पुढच्या घटनांचे काय? सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी ६५० नोकऱ्या गेल्या. मे २०२४ मध्ये झेनिमॅक्सबरोबर आलेले आर्केन ऑस्टिन आणि टोकियोतील टँगो गेमवर्क्स हे स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर झाले. टँगोचा ‘हाय-फाय रश’ हा खेळ आदल्याच वर्षी वाखाणला गेला होता आणि स्टुडिओ बंदीच्या घोषणेआधी महिनाभरच त्याला ब्रिटनचे बाफ्टा पारितोषिक मिळाले होते. चांगले काम करणे ही नोकरी टिकण्याची हमी नव्हे, हा धडा टोकियोच्या कामगारांना मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन या कंपनीने टँगो आणि त्याचा खेळ घेतला म्हणून तो स्टुडिओ वाचला. याचा अर्थ त्या कामाला बाहेर गिऱ्हाईक होते. मालकालाच ते नको होते. जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सर्व विभाग मिळून सुमारे ९,००० नोकऱ्या कमी केल्या, तेव्हा गेम विभागातील एक स्टुडिओ आणि अनेक वर्षे घडत असलेले खेळ रद्द झाले.

हा एकट्या मायक्रोसॉफ्टचा दोष आहे असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. सोनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे ९०० नोकऱ्या कमी करून आपला लंडनचा स्टुडिओ बंद केला. मोठ्या किमतीला घेतलेल्या बंजीमधून जुलै २०२४ मध्ये २२० माणसे काढली गेली. २०२३ मध्ये घेतलेला फायरवॉक हा स्टुडिओ, त्याचा ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ बाजारात पडला म्हणून, ऑक्टोबर २०२४ मध्ये कायमचा बंद झाला. माणसे दुष्ट आहेत म्हणून हे घडत नाही. खरेदीसाठी ओतलेले भांडवल परतावा मागते, आणि तो मिळविण्याचा सर्वांत जवळचा रस्ता पगारपत्रकातून जातो.

जोन रॉबिन्सन यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात विक्रेत्याच्या मक्तेदारीइतकेच महत्त्व खरेदीदाराच्या मक्तेदारीला दिले होते. श्रम विकत घेणारे मालक थोडे असतील तेथे मजुरी श्रमाच्या मोलाखाली दाबली जाते, हे त्यांचे विवेचन. खेळ घडविणाऱ्या कामगाराचे कसब विशिष्ट आहे. ते साबणाच्या कारखान्यात विकता येत नाही. पूर्वी झेनिमॅक्स, अ‍ॅक्टिव्हिजन आणि मायक्रोसॉफ्ट असे तीन मालक होते. एका मालकाशी पटले नाही तर दुसऱ्याचे दार ठोठावता येई. आता त्या तीन दारांमागे एकच घर आहे. १९७९ च्या चौघांनी राजीनामे दिले तेव्हा त्यांना जावयास मोकळी जागा होती. ही मोकळी जागा हेच खरे स्पर्धेचे मर्म, आणि खरेदीने नाहीशी होते ती नेमकी हीच.

संघटनेची कोंडी

या प्रकरणात पुरोगामी विचाराच्या माणसाला अडचणीत टाकणारा एक भाग आहे आणि तो टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतील कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या कामगार संघटनेने या सौद्याला पाठिंबा दिला होता. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्याशी करार करून, अ‍ॅक्टिव्हिजनच्या कर्मचाऱ्यांनी संघटना बांधू पाहिल्यास आपण आडकाठी करणार नाही, असे मान्य केले. अ‍ॅक्टिव्हिजनच्या जुन्या व्यवस्थापनाखाली परिस्थिती बिकट होती. जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या शासकीय विभागाने स्त्री-कर्मचाऱ्यांच्या छळाबद्दल व भेदभावाबद्दल तिच्यावर खटला भरला होता आणि कर्मचारी काम थांबवून रस्त्यावर उतरले होते. अशा स्थितीत संघटनेने हाती आलेले साधन वापरले, याबद्दल दूर बसून तिला बोल लावणे शोभत नाही. त्यातून फळही मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये झेनिमॅक्सच्या सुमारे ३०० चाचणी-कामगारांची संघटना मान्य झाली. २०२४ च्या जुलैत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ घडविणाऱ्या पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी संघटना स्थापन केली. ज्या धंद्यात संघटनेचे नावही कोणी काढीत नव्हते तेथे ही प्रगती ऐतिहासिक आहे.

परंतु या यशाचा पाया तपासला पाहिजे. संघटनेचा अधिकार येथे कायद्याने नव्हे, मालकाच्या गरजेतून मिळाला. मालकाला राजकीय पाठिंब्याची गरज होती तोवर त्याचा हात सैल होता. संघटना कपातीच्या अटींविषयी वाटाघाटी करू शकते. पण एका स्वाक्षरीने स्टुडिओ बंद करण्याचा मालकाचा अधिकार तिला अबाधितच सापडला. संघटना-स्वातंत्र्य हा विलीनीकरणाच्या सौद्यातील मोबदला असता कामा नये. तो प्रत्येक कामगाराचा हक्क असावयास हवा, मग मालक विकला जावो वा न जावो.

दुसरा रस्ता आहे

या साऱ्यावर व्यवहारवाद्यांचे उत्तर ठरलेले आहे. मोठा खेळ घडविण्याचा खर्च वीस कोटी डॉलरच्याही पुढे गेला आहे, स्वतंत्र स्टुडिओला तो झेपत नाही, बड्या मालकाच्या छत्राखाली जाणे अपरिहार्य आहे, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे, पण अपरिहार्यता नाही. याच धंद्यातील निन्टेंडोचे उदाहरण पाहावे. २०१७ मध्ये आलेले तिचे स्विच हे यंत्र पंधरा कोटींहून अधिक खपले. त्यासाठी तिला कोणतेही प्रकाशक-साम्राज्य गिळावे लागले नाही. मुख्यतः घरातच वर्षानुवर्षे तयार केलेल्या कारागिरांवर ती उभी आहे. तिचे आधीचे यंत्र अपयशी ठरले तेव्हा, जानेवारी २०१४ मध्ये, अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्म्यावर आणला. कपातीच्या भीतीखाली काम करणारी माणसे चांगले खेळ घडवू शकत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. निन्टेंडो ही काही धर्मादाय संस्था नव्हे. आपला जकातनाका तीही तितक्याच कठोरपणे राखते. पण खरेदीविना स्पर्धा करता येते, एवढे तिच्यावरून निश्चित सिद्ध होते.

उलट खरेदी मान्य करून वर हमीपत्रे घेण्याची पद्धत किती ठिसूळ आहे, हे युबिसॉफ्टवरून दिसते. पुणे आणि मुंबई येथेही ज्या कंपनीचे स्टुडिओ आहेत, त्या युबिसॉफ्टला दूरस्थ-खेळांच्या क्षेत्रातील स्पर्धेची राखणदार म्हणून ब्रिटनच्या मंडळाने उभे केले होते. दोन वर्षे लोटण्यापूर्वीच, मार्च २०२५ मध्ये, तिला आपल्या सर्वांत मोठ्या मालिका वेगळ्या उपकंपनीत घालून तिचा सुमारे पाव हिस्सा चीनच्या टेन्सेंटला ११६ कोटी युरोंना देण्याचा सौदा करावा लागला. राखणदारालाच आपले दागिने गहाण टाकावे लागले तर राखण कसली?

मग करावयाचे काय? पहिले, विलीनीकरणाची परवानगी देताना श्रमबाजाराचा विचार सक्तीचा असावा. अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मालकांमधील स्पर्धेचा, म्हणजेच कामगाराला उपलब्ध असणाऱ्या पर्यायांचा, स्पष्ट उल्लेख आला. अ‍ॅक्टिव्हिजनचा सौदा पुरा झाल्यावर दोन महिन्यांनी. हे तत्त्व मार्गदर्शनापुरते न राहता कायद्यात यावयास हवे. दुसरे, दहा वर्षांनी संपणाऱ्या हमीपत्रांवर विसंबू नये. धोका असेल तर सौदा नाकारण्याचे धैर्य दाखवावे. तिसरे, विकत घेतलेला स्टुडिओ मालकाला नकोसा झाला तर तो आणि त्याचे खेळ तेथील कामगारांच्या सहकारी संस्थेस किंवा अन्य उत्पादकास देऊ करण्याचे बंधन त्याच्यावर असावे. टँगो वाचला तो योगायोगाने. योगायोगाचे रूपांतर नियमात करणे हेच कायद्याचे काम आहे.

हा विचार भूतकाळापुरता नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही आणखी एक बडी गेम कंपनी ५,५०० कोटी डॉलरला घेण्याचा सौदा जाहीर झाला. खरेदीदारांत सौदी अरेबियाचा सरकारी निधी आहे आणि रकमेपैकी २,००० कोटी डॉलर कर्जाऊ आहेत. येथे खरेदीदार कन्सोलचा कारखानदार नाही. त्यामुळे सोनीचे काय होईल असे कोणी विचारणार नाही. पण ते कर्ज कोणाच्या घामातून फिटावयाचे, हे मात्र विचारले गेलेच पाहिजे.

१९७९ मध्ये चार प्रोग्रामर एका कंपनीतून उठून गेले आणि एका नव्या धंद्याचा पाया घातला गेला. स्पर्धा जिवंत आहे की नाही हे पाहण्याची कसोटी कन्सोलच्या खपाच्या आकड्यांत नाही. तसेच चार कामगार आज उठून गेले तर त्यांना जावयास जागा उरली आहे काय, एवढेच विचारावे. या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देता येत नसेल, तर नियामकांनी जे राखले ती स्पर्धा नव्हे. तो मत्स्यन्यायच होय.